सुभेदारांना विचारा : वाळूतले पहिले दिवस

एप्रिल लागला की या सदराकडं वाळवंटाबद्दलची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांतली पाच इथं घेतली आहेत. नावं, पलटणी, नेमकी ठिकाणं मुद्दाम गाळली आहेत. पुढंही कुणी पत्रात आपली चौकी, माणसांची संख्या, गाड्यांची ये-जा असलं काही लिहू नये.

मी स्वतः वाळवंटात तीनदा राहिलो. पहिल्यांदा १९८६-८७ च्या थंडीत, ब्रासटॅक्स सरावाच्या वेळी, कोवळा शिपाई म्हणून. मग २००२ चा अख्खा उन्हाळा ऑपरेशन पराक्रममध्ये, सगळं सैन्य सीमेवर उभं होतं तेव्हा, हवालदार असताना. आणि नोकरीच्या शेवटाकडं जैसलमेरला, बायको-मुलांसह. गाव माझं माण तालुक्यातलं, दुष्काळी. उन्हाशी आपली जुनी ओळख आहे असं समजून मी गेलो होतो. ते खरं नव्हतं.

प्रश्न : सुभेदारसाहेब, जय हिंद. मी पाटण तालुक्यातला. ट्रेनिंग बेळगावला झालं. आता आमची पलटण जैसलमेरच्या पुढं आली आहे. येऊन नऊ दिवस झाले. डोकं सतत ठणकतं, रात्री झोप लागत नाही, जेवण जात नाही. आमच्याकडं चार महिने पाऊस थांबत नाही, इथं श्वास घेतला तरी नाक भाजतं. बाकीची पोरं तगडी दिसतात. एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) गेलो तर कामचुकार ठरेन अशी भीती वाटते. किती दिवसांत सवय होते?
— एक शिपाई, वय २१

उत्तर : पोरा, हे वाचल्या वाचल्या आधी एमआय रूमला जा. उरलेलं उत्तर परत आल्यावर वाच.

आलास? मग ऐक. नऊ दिवस म्हणजे तू निम्म्याहून जास्त वाट चालून आलायस. उन्हाला सरावायला माणसाच्या शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात ते लवकर घाम सोडायला शिकतं, घामातून मीठ कमी घालवायला शिकतं, आणि पहिल्या दिवशी ज्या कामाला छाती धडधडत होती त्याच कामाला ती शांत राहते. हा बदल आतल्या आत चाललेला असताना डोकं जड होतं, अन्नावरची वासना जाते. पण यातलं सरावाचं किती आणि आजाराचं किती, हे तू ठरवायचं नाहीस. मीही इथं साताऱ्यात बसून ठरवायचं नाही. ते बघायला डॉक्टर आहे. आणि जी पोरं तुला तगडी दिसतात त्यांनीही हे दिवस काढलेत, तुझ्या येण्याआधी काढलेत इतकंच. आणखी एक. महिनाभर सुट्टीवर घरी राहून आलास की हा सराव बहुतेक उतरलेला असतो. परतल्यावर पुन्हा पहिल्या दिवसापासून धरायचं. जुन्या जवानांना याचाच विसर पडतो.

पाटणला घाम अंगाला चिकटतो, बनियन पिळून काढावं लागतं. इथं हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडं राहतं, म्हणून वाटतं की पाणी गेलंच नाही. संध्याकाळी वर्दीच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ दिसली की मग कळतं. त्यामुळं तहानेची वाट बघू नकोस. थोडं थोडं, दिवसभर पीत राहा. लघवीचा रंग बघत जा. फिकट असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी गडद झाली तर पाणी कमी पडतंय. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, कारण घामाबरोबर मीठही गेलेलं असतं. ओआरएसची पुडी खिशात ठेव. ती नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असलं तर लिंबू. मीठ अंदाजानं वाढवू नकोस. लंगरमधलं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातलं, ताक, डाळ, कांदा टाळू नकोस. भूक नसली तरी दोन घास खा. मीठ मुख्यतः जेवणातूनच मिळतं.

आता कामचुकार ठरण्याच्या भीतीबद्दल. इथं मला सविस्तर लिहावं लागेल, कारण हे ओझं मी चोवीस वर्षं वागवतोय.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सगळं सैन्य सीमेकडं निघालं. आम्ही थंडीत पोचलो आणि पुढच्या ऑक्टोबरात परतीचा निर्णय होईपर्यंत वाळूतच होतो. थंडी सोसली, मार्चपासून आंधी सोसली, मग मे आला. माझ्या हाताखाली सांगलीकडचा एक मुलगा होता. चांगला धावणारा, कबड्डीत पलटणीचा. सुट्टीवरून येऊन त्याला चार दिवस झाले होते. सकाळी तंबूमागं जाऊन तो दोनदा ओकला आणि बडीला, म्हणजे जोडीदाराला, म्हणाला, "कुणाला सांगू नको, हवालदार कामातून काढेल." फॉलिनमध्ये, म्हणजे हजेरीच्या रांगेत, मी नेहमीप्रमाणं रांगेसमोरून विचारत गेलो, "सब ठीक?" तो म्हणाला, "ठीक है, हवालदारजी." आवाज खणखणीत होता. मी पुढं सरकलो.

अकराच्या सुमारास वाळूची पोती रचताना तो घरच्या बैलांना नावानं हाका मारायला लागला. दोघंतिघं हसली. मी वळून बघितलं तर त्याची नजर कुठंच नव्हती. हात धरला तर चटका बसला. आम्ही त्याला सावलीत ओढला, बूट, पट्टा, शर्ट काढला, होत्या नव्हत्या तेवढ्या छागली, त्या कापडी पाण्याच्या पिशव्या, त्याच्या अंगावर रिकाम्या केल्या. ओल्या पोत्यानं दोघं वारा घालत होते. गाडीत घातला तेव्हाही मागचं कापड उघडं टाकून वाटभर पाणी शिंपडत होतो, म्हणजे वाऱ्यानं अंग निवावं. तो वाचला. दीड महिन्यानं परत आला आणि पहिल्या दिवशी मला म्हणाला, "माफ करा." मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. माफी मी मागायला हवी होती.

कारण रांगेत उभं करून विचारलं की जवानाकडून "ठीक है" याशिवाय दुसरं उत्तर येत नाही. त्या दिवसापासून मी रांगेत विचारणं सोडलं. सकाळी चहाचा मग घेऊन एकेकाच्या शेजारी बसायचो. रात्री किती वेळा उठलास, काल जेवलास किती, असं काहीबाही विचारायचो. तेव्हा मुलं बोलायची. तुझा सेक्शन कमांडर असा शेजारी बसणारा नसेल तर तू त्याच्या शेजारी जाऊन बस.

एक खूण पक्की ध्यानात ठेव, स्वतःसाठीही आणि बडीसाठीही. माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला, साध्या प्रश्नाला उलट उत्तर द्यायला लागला की तो हीट स्ट्रोक समजायचा. अंगाला घाम असला तरी समजायचा. "घाम येतोय म्हणजे ठीक आहे" असं जुने लोक सांगतात, ते चूक आहे; कष्टाच्या कामात होणाऱ्या हीट स्ट्रोकमध्ये घाम असू शकतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागतो. अंगावर ओतायचं, वारा घालायचा, बर्फ असला तर मानेला, काखेत, जांघेत लावायचा आणि त्याच वेळी गाडी बोलवायची.

राहिली रोजची राहणी. वाळवंटात दिवसाचे दोन तुकडे होतात. पहाटे चार ते साडेनऊ-दहा हा एक, संध्याकाळी पाचनंतरचा दुसरा. मधला वेळ सावलीत काढायचा, आणि त्यात लाज बाळगू नकोस. झोपता आलं तर झोप, रात्रीच्या पहाऱ्याला तीच झोप कामी येते. गंजीफ्रॉकवर उन्हात फिरू नकोस. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट उघड्या अंगापेक्षा थंड राहतो. तिथले मेंढपाळ केवढं मोठं पागोटं बांधतात ते बघ. बूट घालण्याआधी रोज झटक, विंचू निघतो. छागल भरून गाडीच्या आरशाला किंवा खेजडीच्या फांदीला सावलीत टांग. कापडातून झिरपलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि आतलं गार होतं. भर मे महिन्यात त्यातलं पाणी प्यायलं की मला आमच्या घरच्या रांजणाची आठवण यायची.

एमआय रूममध्ये काय सांगितलं ते मला कळव. वाट बघतो.

प्रश्न : काका, नमस्कार. यांना जैसलमेरला क्वार्टर मिळाला आहे. आम्ही राधानगरीकडचे. मुलगी तिसरीत आहे, मुलगा दोन वर्षांचा. सासूबाई म्हणतात, लेकरांना भट्टीत कशाला घालतेस, इथंच राहा. हे काहीच बोलत नाहीत, तू ठरव म्हणतात. जाऊ का? गेले तर बरोबर काय न्यावं? तिथं दिवसभर घरात कोंडून राहावं लागतं का?
— एक भगिनी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण क्वार्टर चालवलेला मी नाही. आमच्या घरच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून जे जे सांगितलं ते लिहून घेतलंय.

जा. पहिलं उत्तर त्यांचं हेच. नोकरीत बदल्या इतक्या की एकत्र राहायला मिळालेली वर्षं बोटांवर मोजावी लागतात. मुलांना बाप त्या वयात मिळाला तर मिळाला. सासूबाईंची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नकोस. त्यांना थंडीत महिनाभर बोलावून घे. डिसेंबरात जैसलमेरला सकाळी धुकट ऊन पडतं, पिवळ्या दगडाचा किल्ला उजळतो. त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं की त्या पुन्हा भट्टी म्हणणार नाहीत.

पण जायचा महिना जमला तर तू निवड. मे-जूनमध्ये थेट जाऊ नये. त्याच पट्ट्यातल्या फलोदीत १९ मे २०१६ ला पारा ५१ अंशांवर गेला होता, आणि हे माप सावलीतलं. दिवाळीनंतर गेलात तर मुलं थंडीत रुळतात, मग होळीपासून ऊन एकेक पायरी चढतं आणि त्यांचं शरीर त्याच्याबरोबर चढतं. मुलीच्या शाळेसाठी केंद्रीय विद्यालय बघा, बदलीवर आलेल्यांच्या मुलांना तिथं प्रवेशात प्राधान्य असतं. शाळा सोडल्याचा दाखला, बदलीचा आदेश, आधार, लसीकरणाचं कार्ड हे कागद ट्रंकेत टाकू नकोस. हातातल्या पिशवीत ठेव. आमची ट्रंक आमच्यानंतर बारा दिवसांनी पोचली होती.

पाण्याचं गणित वेगळं असतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही, आणि रात्री नऊपर्यंत ते निवत नाही. म्हणून पहाटे उठून बादल्या, पिंप भरून झाकून ठेवायचं आणि संध्याकाळची मुलांची आंघोळ त्या पाण्यानं करायची. शहराला आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं. पंजाबात सतलज आणि बियास जिथं मिळतात त्या हरिके बंधाऱ्यापासून निघून साडेसहाशे किलोमीटर वाहून ते जैसलमेर जिल्ह्यात येतं. ही गोष्ट मुलीला सांग, म्हणजे ती नळ उघडा टाकणार नाही. कधी बोअरचं पाणी आलं तर ते खारं आणि जड असतं. त्यात तूरडाळ तासभर उकळली तरी दाणा तसाच राहतो. तीन-चार तास भिजवून कुकरला लाव. आमच्या मंडळींनी पहिले आठ दिवस डाळीला दोष दिला होता.

कूलर घ्या. कोरड्या हवेत एसीपेक्षा तो बरा चालतो, फक्त समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. बंद खोलीत कूलर लावला तर नुसती ओल साचते. जुलै-ऑगस्टात चार सरी येऊन हवा दमट झाली की मात्र तो निकामी. आठवड्यातून एकदा त्याचं पाणी पूर्ण काढून घासायचं, नाहीतर डास. गावाकडून वाळ्याच्या जुड्या ने. एक माठात टाक, एक कूलरच्या पाण्यात.

वाळू घरात येणारच, तिच्याशी भांडू नकोस. मे-जूनमध्ये संध्याकाळी क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहताना दिसली की तुझ्याकडं पाच-दहा मिनिटं असतात. दोरीवरचे कपडे आत, खिडक्या बंद, दाराखालच्या फटीला ओलं टॉवेल, भांडी पालथी, पीठ पत्र्याच्या डब्यात. वारा थांबला तरी लगेच झाडू नकोस, हवेतली धूळ बसू दे. तासाभरानं आधी कोरडं झाडायचं, मग पुसायचं. आधीच पुसलंस तर चिखल होतो.

कणीक मळताना वरची साल सुकत जाते, म्हणून ओलं फडकं सतत वर हवं. दही उन्हाळ्यात तीन-चार तासांत लागतं आणि विसरलं तर आंबून जातं. सांडगे एका दिवसात खडखडीत वाळतात, पण कुरड्या भर दुपारच्या उन्हात ठेवल्या तर तडकतात, त्या सावलीच्या कडेला. बाजरी तिथं घरोघरी, त्यामुळं भाकरीची चिंता करू नकोस. भाजीवाला कमी येतो त्या दिवसांत तिथल्या बायका केर-सांगरी करतात. सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळलेल्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करायची तिच्या शेंगांची भाजी खातात हे ऐकून आमच्या आईनं कानाला हात लावले होते. मग स्वतःच दोनदा मागून घेतली. बरोबर काय न्यायचं विचारतेस तर कांदा-लसूण मसाला, आमसुलं, सुती साड्या, पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे आणि जाड रजया. हो, रजया. जानेवारीत रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. ओठ, टाचा फुटतात, मुलांचा घुळणा फुटतो. नाकाच्या आत रात्री बोटानं थोडं व्हॅसलीन लावत जा, आणि रक्त आलं तर मुलाला मान मागं टाकायला लावू नकोस, पुढं झुकवून नाक चिमटीत धर.

सापांचं लपवून ठेवत नाही. फुरसं असतं आणि मण्यारीच्या जातीचाही असतो. तिथं 'पीवणा' नावाच्या सापाच्या गोष्टी ऐकशील, झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून तो श्वास पितो म्हणे. श्वास वगैरे काही पीत नाही. मण्यारीच्या जातीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि सकाळी माणूस गुदमरलेला सापडतो, त्यावरून ती गोष्ट झाली. म्हणून जमिनीवर अंथरूण घालायचं नाही, खाटेवरच झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची. अंधारात टॉर्चशिवाय अंगणात पाऊल नाही. दंशाचा नुसता संशय आला तरी कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, त्या माणसाला चालवायचं नाही. सरळ दवाखाना.

आणि कोंडून राहण्याबद्दल. पहिला महिना जड जातो, विशेषतः नवरा सरावाला गेला की. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. आमच्या मंडळी पहिले पंधरा दिवस दुपारी दार लावून रडायच्या. मला ते दोन वर्षांनी कळलं. सोळाव्या दिवशी नागौरकडच्या शेजारणीनं दार वाजवलं आणि बाजरीच्या राबडीचा गडू पुढं केला. ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ, थंड. भाषा एकमेकींना धड येत नव्हती. तरी त्या दुपारपासून आमचं दार दुपारी उघडं राहायला लागलं. तू सोळा दिवस थांबू नकोस. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भडंगाची वाटी घेऊन शेजारचं दार तूच वाजव.

थंडीत मुलांना घेऊन तनोट मातेला जाऊन या. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडं आहे, आणि न फुटलेले तोफगोळे तिथं मांडून ठेवलेत. परतीच्या वाटेवर लोंगेवाला आहे, जिथं ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ला मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची पंजाब रेजिमेंटची एक कंपनी रात्रभर रणगाड्यांसमोर टिकून राहिली. मुलगी तिसरीत आहे ना, तिला समजेल. नशीब असलं तर वाटेत माळढोक पक्षीही दिसेल. आपल्या सोलापूरकडच्या नान्नजला उरला नाही म्हणण्याइतका कमी झालाय, तिथं अजून आहे.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा बॉर्डरला वाळवंटात आहे. दोन-तीन दिवसांनी फोन करतो, "बरंय" एवढं म्हणतो आणि ठेवतो. आधी असा नव्हता. मी विचारत राहते, बरा आहेस ना, जेवलास ना. तो चिडतो. काही लपवतोय का? डब्यात काय पाठवू?
— एक आई, खटाव तालुका

उत्तर : ताई, तुम्ही विचारता तो प्रश्न मीही रांगेत विचारायचो, वर लिहिलंय. त्याला "बरंय" हेच उत्तर येतं. पोराला आई काळजीत पडायला नको असते, आणि मागं आणखी चारजण फोनसाठी थांबलेले असतात, ते ऐकत असतात.

त्याला बारीकसारीक विचारा. शेजारच्या खाटेवरचा कुठल्या गावचा? आज लंगरमध्ये भाजी कसली होती? आंधी आली होती का, तंबू राहिला का? अशा प्रश्नाला माणूस बोलायला लागतो, आणि त्याच्या आवाजावरून तुम्हाला जे कळायचं ते कळतं. आणि तुम्ही बोला. म्हैस व्याली, बेंदराला बैल कसे सजवले, विहिरीला पाणी किती आहे. मला १९८७ मध्ये वडिलांचं अंतर्देशीय आलं होतं. त्यात माझी विचारपूस एका ओळीत होती. बाकी सगळं पान शेतातल्या बांधावरून चुलत्याशी झालेल्या वादाचं. मी ते पत्र वाळूत पाय पसरून सहा-सात वेळा वाचलं होतं. घरातली मोठी गोष्ट, आजारपण, कुणाचं जाणं, ही लपवू नका. नंतर कळलं की तो तुमच्या प्रत्येक "बरंय"वर संशय घेईल. फक्त तो पहाऱ्याला निघालेला असताना सांगू नका. आधी विचारा, आता मोकळा आहेस का.

कुठं आहेस हे विचारू नका. पत्ता म्हणून त्यानं नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि "मार्फत ५६ एपीओ" (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय) असं दिलं असेल तर तेवढंच लिहायचं, गाव-जिल्हा लागत नाही. डब्यात तुपाचे लाडू उन्हाळ्यात नको, खवट होतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, लिंबाचं मुरलेलं लोणचं, भाजलेल्या बाजरीच्या पिठात गूळ घालून केलेलं काही. दहाजणांना पुरेल इतकं पाठवा. एकट्यापुरता डबा आला तर तो त्याच्या तोंडात पडायचा नाही.

वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची कॅज्युअल असते, पण सगळ्यांना गणपतीतच सोडता येत नाही. तो यात्रेला आला नाही म्हणून रागावू नका. आणि तरीही आवाज महिनाभर तसाच पडलेला वाटला, झोप नाही म्हणाला, कशातच मन नाही म्हणाला, तर त्याला स्पष्ट सांगा की तुझ्या कंपनीच्या सुभेदारसाहेबांशी बोल, धर्मगुरूंशी बोल, डॉक्टरकडं जा. आईनं सांगितलं म्हणून गेलेली मुलं मी बघितली आहेत.

प्रश्न : साहेब, मी ड्रायव्हर. डांबरी रस्त्यावर मला कुणी हरवत नाही, पण वाळूत गाडी रोज रुतते आणि सगळे उतरून ढकलतात. मान खाली जाते.
— एक नाईक

उत्तर : टायरमधली हवा कमी कर, तुझ्या एमटी हवालदाराला, म्हणजे गाड्यांचं बघणाऱ्याला, विचारून किती ते ठरव. टायर पसरला की वाळूवर तरतो, कडक टायर फावड्यासारखा खणत जातो. खालचा गिअर, एकसारखा वेग. टिब्बा, म्हणजे वाळूची टेकडी, चढताना सरळ चढ, उतारावर आडवी वळवू नकोस, कलंडते. ब्रेक दाबून थांबू नकोस. तसं थांबलं की चाकापुढं वाळूचा ढीग होतो. वेग सोड, गाडी आपली आपण थांबू दे, आणि थांबताना तोंड उताराकडं ठेव. चाक एकदा रिकामं फिरलं की पाय काढ. रेटलंस तर एक्सल टेकेल. उतर, चाकापुढची वाळू हातानं ओढ, सँड चॅनल, म्हणजे चाकाखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, घाल. जमेल ते काम पहाटे, तेव्हा वाळू घट्ट असते. डांबरावर आल्या आल्या हवा पुन्हा भर.

आंधीत गाडीचं तोंड वाऱ्याकडं करून उभा राहू नकोस, पाठ कर. आणि वाट चुकली तर गाडी सोडून चालत निघू नकोस. गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही. पाण्याचा कॅन रात्रीच भरून ठेव, मगच झोप.

प्रश्न : सुभेदारसाहेब, मी निवृत्त शिक्षक. आमच्या माळ्यावर आजोबांचं एक पदक सापडलं. ते "बसऱ्याच्या लढाईत" गेले, परत आले नाहीत, एवढंच घरात सांगतात. बसरा म्हणजे वाळवंटच ना? काही माहिती मिळेल का?
— एक वाचक, कोरेगाव तालुका

उत्तर : गुरुजी, आपल्या भागात पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेला सरसकट बसऱ्याची लढाई म्हणतात. आजचा इराक. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये तिथं उतरली. नदीकाठ सोडला तर वाळू आणि चिखल, उन्हाळ्यात आपल्या जैसलमेरइतकंच ऊन, आणि तेव्हा ना कूलर, ना ओआरएस. पुढं कूत-अल-अमारा इथं ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा पडला. आत अडकलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत गेलं, घोड्याचं मांस वाटलं गेलं, आपल्या बऱ्याच जवानांनी कितीतरी दिवस त्याला हात लावला नाही. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यातले असंख्य वाटेतच गेले. ११७ व्या पलटणीला या मोहिमेतल्या कामगिरीसाठी पुढं 'रॉयल' हा किताब मिळाला.

मोहिमेत मृत्यू पावलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडं असते आणि ती नावावरून, पलटणीवरून शोधता येते. पण इंग्रजांनी आपली नावं कशीही लिहिली आहेत, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. त्या काळच्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासू नका, पॉलिश लावू नका. मऊ कापडानं धूळ पुसा, खिडकीपाशी तिरप्या उजेडात भिंग धरा आणि कडेवरचं अक्षर न् अक्षर जसं आहे तसं कागदावर उतरवून मला पाठवा.